पाठराखीण : धनगरवाड्यावरच्या एका डायलिसिस रुग्णाचं प्रकरण

फाईलच्या तिसऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. मराठीत सांगायची तर, ‘रुग्ण उपचारांना सहकार्य करत नाही, सूचना पाळत नाही.’ तारीख जुलै २०२४ च्या अखेरची.

कोल्हापुरात राहणाऱ्याला तो आठवडा आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. त्या आठवड्यात नदीनं धोक्याची पातळी ओलांडली होती आणि रस्ते एकामागून एक बंद होत होते. जिच्याबद्दल ती ओळ लिहिली गेली ती बाई तेव्हा जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या सड्यावर, अकरा घरांच्या एका धनगरवाड्यावर अडकून पडली होती. वाडा आणि डांबरी रस्ता यांच्यामधल्या ओढ्याला पाच दिवस उतार नव्हता. तिची लागोपाठ दोन डायलिसिस चुकली. सहाव्या दिवशी चार गड्यांनी घोंगडीची झोळी बांबूला बांधून तिला खाली रस्त्यापर्यंत आणलं. तिथून १०८ ची गाडी. रुग्णालयात पोचली तेव्हा छातीत पाणी भरलं होतं आणि धड बोलताही येत नव्हतं. रात्री मशीनवर घेतलं म्हणून जीव वाचला. सकाळी राउंडला कुणीतरी विचारलं, दोन वेळा का आली नाही? उत्तर द्यायला जवळ कोणी नव्हतं. मग ती ओळ लिहिली गेली.

लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. एका युनिटमध्ये दिवसाला तीन पाळ्या चालतात, प्रत्येक मशीनवर माणूस असतो, आणि डायलिसिस चुकवणारा रुग्ण डोळ्यांदेखत दगावलेला त्या डॉक्टरांनी पाहिलेला असतो. पण फाईलमधली ओळ रुग्णाच्या आधी पुढच्या टेबलावर पोचते. त्या ओळीनंतर बाईंशी बोलणाऱ्या प्रत्येकाचा सूर बदललेला मी ऐकला आहे.

हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव, तालुका, रुग्णालय सांगणार नाही. आम्ही त्यांना मावशी म्हणतो, इथंही तेच म्हणेन.

मावशींचं वय ५२. घरात नवरा, मुलगा, सून, एक नातू आणि नऊ म्हशी. दूध खाली डेअरीला घालायचं, उरलं तर खवा नाहीतर लोणी. डोकं दुखायचं, ते उन्हानं असेल म्हणून सोडून दिलेलं. गुडघे दुखायचे, त्यावर बाजारातल्या दुकानातून सुट्ट्या गोळ्या आणून खायच्या, दिवसाला एक, सुगीत दोन, अशी बारा-तेरा वर्षं. रक्तदाब वाढलेला आहे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. वाढलेला रक्तदाब आणि वर्षानुवर्षं खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या, दोन्ही मूत्रपिंडाला खातात. दोन्ही वेळीच दिसू शकणाऱ्या गोष्टी आहेत, पण त्यासाठी हाताला पट्टा बांधणारं माणूस जवळ यावं लागतं. वाड्यावर आरोग्यसेविका येते ती बहुतेक बाळांच्या लसीकरणासाठी. पन्नाशीतल्या बाईचा रक्तदाब बघण्याइतका वेळ तिच्याकडे उरत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये चेहरा सुजला, उलट्या सुरू झाल्या, दम लागला. शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात मानेत नळी घालून तातडीनं डायलिसिस झालं आणि ‘आता हे जन्मभर’ असं सांगण्यात आलं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. दोन म्हशी विकल्या. मे महिन्यात तिसरी विकायला काढली तेव्हा खालच्या गावातल्या आशाताईंनी आम्हाला फोन केला.

आम्ही म्हणजे चार-पाच जणं. कुणी निवृत्त परिचारिका, कुणी कायदा शिकलेला. मी स्वतः काही वर्षं रुग्णांची कागदपत्रं करण्यात घालवलेली. संस्थेचा बोर्ड नाही, रुग्णालयाकडून पैसे नाहीत, सरकारी काम घेतलेलं नाही, पक्षाचा झेंडा नाही. खर्च आपसात वर्गणी काढून. हे आमचं मोठेपण म्हणून सांगत नाही. पुढं या प्रकरणात ज्या ज्या जागी आमचा उपयोग झाला, तिथं तो आम्ही कुणाचे बांधील नव्हतो म्हणून झाला, एवढ्यासाठी सांगते.

जूनच्या सुरुवातीला वाड्यावर गेलो. रस्ता सोडल्यापासून दीड तासाची चढण. मनात रेशनकार्डाचा प्रश्न घेऊनच गेले होते, कारण आशाताईंनी फोनवर तेच सांगितलं होतं : योजनेत बसत नाहीत, कार्डाचा घोटाळा आहे. पिशवीत अर्जांचे नमुनेसुद्धा होते. चहा झाला, आणि आमच्यातल्या निवृत्त सिस्टरनी विचारलं, ‘मावशी, तुम्हाला आत्ता सगळ्यात जास्त कशाचा त्रास आहे?’

मावशींनी मानेला हात लावला. ‘ही नळी काढा. डोईवर भारा घेता येत न्हाई, न्हाता येत न्हाई, रातीला कूस बदलायची भीती. थंडी वाजून दोनदा ताप आला. ही काढा, मग बाकीचं बघू.’

चार महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. नवऱ्यानं पैशाची चिंता केली, मुलानं म्हशी विकल्या, डॉक्टरांनी जीव वाचवला, आशाताईंनी कार्डाच्या मागं धावपळ केली. प्रत्येकानं आपापल्या परीनं त्यांच्यासाठी केलं होतं.

नळी काढायची तर हातात फिस्टुला करावा लागतो. हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, दीड-दोन महिन्यांत शीर जाड होते, मग सुया तिथं टोचता येतात. मानेतल्या नळीपेक्षा जंतुसंसर्गाचा धोका पुष्कळ कमी. हे त्यांना आधी कुणी सुचवलं नव्हतं का? सुचवलं होतं. नंतर फाईल पाहिली तर तशी नोंदच होती : ‘फिस्टुलाचा सल्ला दिला, रुग्णाची तयारी नाही.’

का नव्हती तयारी? मावशींना ‘हाताचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलं होतं, आणि वर ‘त्या हातानं आता वजन उचलायचं नाही.’ त्या घरात सात म्हशींची धार मावशी काढत. हात गेला तर घरात त्यांचं काय उरलं? ‘म्हणून मी न्हाई म्हटलो,’ त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर शल्यविशारदांच्या खोलीत गेले. मी बोलायचं नाही असं आमचं ठरलं होतं. प्रश्न मावशींनी विचारायचे, त्या अडल्या तरच मी आठवण करून द्यायची. तीन प्रश्न रात्री सुनेसमोर बसून पाठ केले होते. पहिला त्यांनी धाडकन विचारला : ‘धार काढता येईल का?’

डॉक्टर थांबले. त्यांना प्रश्न नवा होता. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागले. ऑपरेशन डाव्या हाताला, कारण उजवा कामाचा. जखम भरेपर्यंत जपायचं. त्यानंतर शीर फुगावी म्हणून आम्ही रुग्णाला रबरी चेंडू दिवसातून कितीतरी वेळा दाबायला सांगतो. तुम्हाला चेंडू कशाला, जखम भरली की हलक्या हातानं धार काढा, व्यायाम तोच आहे. भरलेली घागर मात्र त्या हातानं नको, त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही आणि रक्त काढू द्यायचं नाही. हे मात्र तुम्ही स्वतः प्रत्येक सिस्टरला सांगायचं.

सहा मिनिटं लागली असतील. मावशींनी त्याच खोलीत होकार दिला.

रेशनकार्डाचं मात्र सोपं नव्हतं. राज्याची आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. डायलिसिस तिच्यात बसतं. २०२३ च्या शासन निर्णयानं सगळे रेशनकार्डधारक तिच्या कक्षेत आले आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ठरलं. म्हणजे कागदावर मावशींना एक रुपयाही पडायला नको. अडचण अशी की दिरापासून वेगळं झाल्यावर नवं कार्ड काढलं तेव्हा नवऱ्याचं आणि मुलाचं नाव त्यात आलं, मावशींचं जुन्या कार्डातच राहिलं. जुन्या कार्डातून कमी झाल्याशिवाय नव्यात चढत नाही, आणि जुन्या कार्डाचा प्रमुख म्हणजे दीर. त्याचा आणि यांचा बांधावरून वाद, तो सही द्यायला तयार नाही. मुलगा पाच वेळा तालुक्याला जाऊन आला होता. पाच वेळा तोंडी उत्तर मिळालं होतं, ‘प्रमुखाला घेऊन या.’

‘घरात मी हाय, कागदात न्हाई,’ मावशी एकदा म्हणाल्या.

इथं आम्ही केलं ते अगदी साधं. तोंडी विचारणं बंद केलं. मावशींच्या नावानं, त्यांच्या अंगठ्यानं लेखी अर्ज दिला, त्यात आजाराचं कारण लिहिलं, डॉक्टरांचं पत्र जोडलं आणि पोच घेतली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्याखाली अधिसूचित सेवेला मुदत आहे, मुदतीत काम झालं नाही किंवा नाकारलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. अर्जात त्या कायद्याचा उल्लेख केला, आवाज चढवला नाही. कारकून चांगला माणूस निघाला. तो म्हणाला, दीर येत नसेल तर तलाठ्याचा पंचनामा आणि वेगळं राहत असल्याचा दाखला जोडा, मी वर ठेवतो. हे पाच खेपांत मुलाला का सांगितलं गेलं नाही? मुलानं विचारलं नव्हतं, आणि काय विचारायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. तेविसाव्या दिवशी नाव चढलं. त्या तेवीस दिवसांतच तो जुलैचा पूर येऊन गेला होता.

आता थोडं शब्दाविषयी. या कामाला इंग्रजीत ‘ॲडव्होकसी’ म्हणतात. त्याचं भाषांतर ‘वकिली’ केलं की लोकांना काळा कोट आठवतो, आणि ‘मदत’ म्हटलं की उपकार. आमच्या निवृत्त सिस्टर याला पाठराखणीचं काम म्हणतात आणि मला तोच शब्द पटला. नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर माहेरची एक बाई जाते ती पाठराखीण. परक्या घरात नवरीला पाणी मागायचाही संकोच वाटतो. पाठराखीण तिच्या शेजारी बसते, तिला काय हवं-नको ते हळूच विचारते आणि गरज पडली तरच सासरच्या मंडळींना सांगते. ती सासरची नसते, म्हणून नवरी तिच्याशी खरं बोलते. दोन-तीन दिवसांनी ती परतते, कारण नवरीला पुढं स्वतःच बोलायचं असतं.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टनं अशी स्वतंत्र पाठराखण देणं हे स्थानिक प्रशासनाचं कर्तव्य केलं आहे, ज्यांना स्वतःच्या काळजीविषयीच्या निर्णयात भाग घ्यायला फार अडचण येते आणि ज्यांच्यासोबत योग्य माणूस नाही अशांसाठी. आपल्याकडे सरसकट असं काही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमता येतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याखाली स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. हे मावशींना ठाऊक नव्हतं, वाड्यावर कुणालाच नव्हतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात १७ हक्क आहेत. पण सनद भिंतीवर लावली तरी ती वाचून दाखवणारं आणि ‘यातला हा तुमचा’ असं सांगणारं कुणीतरी लागतंच.

कुणी विचारेल, एवढी माणसं असताना आणखी एक कशाला? रुग्णालयात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र असतो, गावात आशा असते, सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, कार्यकर्ते फोन करायला तयार असतात, आणि शेवटी घरचे आहेत. या प्रकरणात यातल्या जवळजवळ प्रत्येकानं मावशींना मदत केली. आशाताई नसत्या तर आम्ही पोचलोच नसतो. तरीही प्रत्येकाच्या मागं कुणीतरी उभं आहे. आशाताईंचं मानधन आरोग्य खात्याकडून. आरोग्यमित्राला रोज त्याच रुग्णालयाच्या काउंटरवर बसायचं. कार्यकर्त्याला आपल्या साहेबांचं नाव व्हायला हवं. घरच्यांना खर्च आणि कर्ज यांचा विचार करावा लागतो, तो त्यांनी करावाच. माणूस वाईट नसतो, जागा अवघड असते. याचा प्रत्यय आम्हाला हिवाळ्यात आला.

सप्टेंबरपासून योजना लागू झाली. तरी दर खेपेला काहीतरी पैसे घेतले जात होते. कधी ‘फिल्टरचे’, कधी रक्त वाढवायच्या इंजेक्शनचे. पक्की पावती नाही, पॅडच्या चिठोरीवर आकडा. सून शिकलेली होती, तिनं सगळ्या चिठोऱ्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. डिसेंबरअखेर बेरीज १४,२०० रुपये झाली. योजनेत असलेल्या उपचाराला रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. हे मुलानं आरोग्यमित्राला सांगितलं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, मी बोलतो आत. तो बोललाही असेल.

आमच्यातल्या कायदा शिकलेल्या मुलाला लगेच तक्रार करायची होती. १५५३८८ हा योजनेचा टोल फ्री क्रमांक, जिल्हा समन्वयकांना पत्र, सगळा मसुदा तयार. मावशी म्हणाल्या, ‘आन् उद्या मशीनवर घेतलं न्हाई तर?’

ही भीती खोटी नव्हती. ज्याच्या हातात आठवड्यातून दोनदा आपलं रक्त द्यायचं त्याच्याविरुद्ध सही करायची, याचं ओझं शहरात बसून कळत नाही. मीही आतून अस्वस्थ होते, कारण मावशींसारखे आणखी कितीजण चिठोरीवर पैसे देत असतील असं वाटत होतं आणि तक्रार झाली तर सगळ्यांचंच भलं होतं. पण मावशी आमच्या लढ्याचं हत्यार नव्हत्या. आम्ही मसुदा बाजूला ठेवला आणि त्यांना विचारलं, काय झालं तर तुम्हाला भीती वाटणार नाही? त्या म्हणाल्या, दुसरीकडं जागा असली तर.

मग तीन आठवडे दुसरी जागा शोधण्यात गेले. शहरातल्या सरकारी युनिटमध्ये त्यांचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं आणि जानेवारीत जागा मिळाली. आधीच्या रुग्णालयाकडून उपचारांची सगळी कागदपत्रं मागितली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णानं मागितल्यावर ती ७२ तासांत द्यायची असतात. दुसऱ्या दिवशीच मिळाली. त्यानंतर मावशींनी स्वतः तक्रारीवर अंगठा दिला. ९,८०० रुपये परत आले. उरलेल्या ४,४०० च्या चिठोऱ्यांवर तारीखही नव्हती, ते सोडून द्यावे लागले.

नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी जुनी फाईल उघडली गेली आणि ती ओळ पुन्हा वर आली. या वेळी मावशींच्या हातात एक पान होतं. त्यांनी सांगितलेलं, सुनेनं लिहिलेलं. आम्ही त्यातला एक शब्द बदलला नव्हता. वाडा कुठं आहे, रस्त्यापर्यंत किती वेळ लागतो, पहिली गाडी किती वाजता, कोणत्या तारखांना ओढ्याला पाणी होतं, आणि सकाळी सहाच्या पाळीला पोचायचं तर आदल्या रात्री बसस्थानकावर झोपावं लागतं, तशी मी अकरा वेळा झोपले, असं. डॉक्टरीणबाईंनी ते पूर्ण वाचलं, फाईलला लावलं आणि पाळी अकराची करून दिली.

तीनदा की दोनदा, हा वाद मात्र उरला. डॉक्टरांचं म्हणणं तीनदाच हवं, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर होतं. मावशींचं म्हणणं, तीन दिवस जाण्यात, तीन दिवस अंथरुणात, मग जगायचं कधी? हे बोलणं आधीच्या रुग्णालयात झालंच नव्हतं, तिथं त्या मुकाट्यानं तिसऱ्यांदा जात नव्हत्या. इथं ते समोरासमोर झालं. दोन वेळा यायचं असेल तर पाणी, मीठ आणि वजन यांचा हिशेब किती कडक ठेवावा लागेल हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. आहाराचा छापील तक्ता इंग्रजीत होता आणि त्यात मावशींच्या ताटातलं निम्मं नव्हतंच. आहारतज्ज्ञ बाईंनी तो बाजूला सारून विचारलं, दिवसभरात काय खाता? नाचणीची भाकरी, कोरड्यास, ताक, कधी दूध. मग दिवसाला सगळं मिळून किती पाणी हे एका तांब्यावर खूण करून ठरलं, ताकही त्याच तांब्यात मोजायचं. घरातला तराजू दुधाचा. त्यावर माणूस मावत नाही म्हणून आम्ही वजनकाटा नेऊन दिला.

जाण्यायेण्याच्या खर्चाचा प्रश्न थोडक्यात सुटला. डायलिसिसच्या रुग्णाला एसटीत तिकीट लागत नाही, ही सवलत पूर्वीपासून आहे. स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणून सोबत येणाऱ्या सुनेचा खर्चही निम्मा. आगारात सवलतीचं नाव काढल्यावर आधी नकार आला. परिपत्रकाची प्रत दाखवल्यावर ओळखपत्र निघालं. एवढं पान वेळेत कुणी हातात दिलं असतं तर कदाचित एक म्हैस वाचली असती.

कोल्हापुरात राहून या प्रश्नाकडं बघताना मला शाहू महाराजांची वसतिगृहं आठवतात. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शाळा तर होत्या. पण खेड्यातल्या मुलाला शहरात रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर शाळेचं दार उघडं असून काय उपयोग, हे महाराजांना कळलं होतं. रुग्णालयांचं तेच आहे. मशीन आहे, योजना आहे, औषध आहे, आणि बाई बसस्थानकाच्या बाकड्यावर झोपलेली आहे. डायलिसिसच्या रुग्णांसाठी रात्रीपुरती निवाऱ्याची सोय व्हावी असा अर्ज आम्ही मावशींसह सात रुग्णांच्या सह्यांनी दिला आहे. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही, दर महिन्याला स्मरणपत्र जातं.

२०२५ चा पावसाळा जवळ आला तेव्हा मी एक चूक केली. मागच्या वर्षीची झोळी डोळ्यांपुढून जात नव्हती. ओळखीतून शहरात एक खोली बघितली, भाडं कोण देणार तेही ठरवलं, मुलाशी बोलले, तोही खुश. मावशींना सगळ्यात शेवटी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला सिस्टरना म्हणाल्या, ‘ताईंनी बी आता डॉक्टरसारखं केलं.’

मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. खोली सोडून दिली. पुन्हा वाड्यावर गेलो आणि या वेळी पहिल्यापासून विचारलं. त्यांचं म्हणणं तयारच होतं. डोंगराच्या पायथ्याच्या गावात थोरली बहीण राहते. आषाढ लागला की तिच्याकडं यायचं, गौरी-गणपतीला वर जायचं. अट एकच, दोन दुभत्या म्हशी बरोबर येणार. ‘रिकाम्या हातानं कुणाच्या घरात किती दिस बसू?’ बहिणीच्या गोठ्यात जागा होती. खर्च शहरातल्या खोलीच्या पावपटही नव्हता.

आणखी एक गोष्ट त्यांनीच सुचवली. पावसाळ्याआधी आरोग्य खातं संपर्क तुटणाऱ्या वाड्यावस्त्यांची आणि तिथल्या दिवस भरत आलेल्या बायकांची यादी करतं, त्यांना आधीच सुरक्षित जागी हलवतं. मावशी म्हणाल्या, पोटुशीला नेत्यात, मग मशीनवाल्यांना का न्हाई? प्राथमिक आरोग्य केंद्रात हे लेखी दिलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याच यादीला एक रकाना वाढवला आणि त्या केंद्राच्या हद्दीत डायलिसिसवरची चार माणसं सापडली. बाकीची तीन कोण, कुठली, हे तोवर कुणाकडंच एकत्र लिहिलेलं नव्हतं. त्या पावसाळ्यात मावशींचं एकही डायलिसिस चुकलं नाही.

फिस्टुला ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला होता, डिसेंबरात मानेतली नळी निघाली. त्या दिवशी त्या सुनेकडून डोक्यावरून न्हाल्या. आता डाव्या हातावर शीर दोरखंडासारखी वर आली आहे आणि तिच्यावर बोट ठेवलं की थरथर लागते. ती थरथर रोज सकाळी तपासायची असते, थांबली तर लगेच रुग्णालयात. मावशी धारेला बसण्याआधी तपासतात.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र आत्ता चालू आहे. गेल्या दिवाळीत मुलानं ठरवलं की आपलं एक मूत्रपिंड आईला द्यायचं. मावशी नाही म्हणाल्या. त्याचं पोर लहान आहे, त्याला डोंगरावर राबायचं आहे. नवरा, मुलगा, सून तिघंही आमच्याकडं आले. ‘ताई, तुमचं ऐकती ती. तुम्ही सांगा.’ मुलगा रडत होता. त्या वेळी ‘हो, सांगते’ म्हणणं किती सोपं होतं.

मी म्हटलं, मी सांगणार नाही. पण त्यांना पुरतं कळल्याशिवाय त्या नाही म्हणत असतील तर तेही बरोबर नाही. मग मूत्रपिंडतज्ज्ञांकडं त्यांची एकटीची वेळ घेतली, घरचं कुणी नाही, मी दाराबाहेर. अर्ध्या तासानं बाहेर आल्या. जिवंत दात्याला किती धोका असतो, ऑपरेशननंतर जन्मभर कोणती औषधं लागतात, आणि मृत दात्याचं मूत्रपिंड मिळण्यासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडं नाव नोंदवता येतं, तिथं किती वाट बघावी लागू शकते, सगळं विचारून आल्या होत्या. येताना गाडीत त्यांनी ते मुलाला स्वतः सांगितलं. त्याचं मूत्रपिंड घेणार नाही, हे ठाम. यादीत नाव घालायचं की नाही, ते बघू.

नोंदणीचा फॉर्म सध्या वाड्यावर आढ्याला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, चिठोऱ्यांच्याच. मुलगा दर आठवड्याला मला फोन करून विचारतो, आईनं काही सांगितलं का? मी त्याला म्हणते, आईला विचार.